हनुवटीवरचे चौकोन

खपली पडली की खालून गुलाबी कातडी निघते आणि मग ती हळूहळू आपल्या रंगाला येते, हे लहानपणी गुडघे फोडून घेतलेल्या कुणालाही ठाऊक असतं. २०२३ च्या एप्रिलअखेर माझ्या हनुवटीवरच्या खपल्या पडल्या तेव्हा मीही तेच धरून चालले होते. गुलाबी रंग आठ-दहा दिवसांत ओसरला. खाली जो रंग उरला तो माझा नव्हता. सायीत थेंबभर चहा पडावा तसा फिकट, आणि कडा पट्टीनं आखल्यासारख्या सरळ.

मी समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावात राहते. गावात माझं ऑनलाइन कामाचं केंद्र आहे. सातबारा, पीक विमा, उत्पन्नाचे दाखले, पोरींच्या शिष्यवृत्तीचे फॉर्म, असं सगळं तिथं होतं. फॉर्म भरेपर्यंत समोरच्या माणसाला दुसरं काही काम नसतं, तो माझ्या तोंडाकडे पाहत बसतो. त्यामुळे तोंडावर काय आहे याचा विचार मला दिवसभर टाळता येत नाही.

हनुवटीखाली पहिले चार-पाच राठ केस आले तेव्हा मी अकरावीत होते. मग ते वाढत गेले, जबड्याच्या कडेनं कानाकडे सरकले. आई वावरात गेली की मी चिमटा घेऊन खिडकीच्या उजेडात बसायची. नंतर थ्रेडिंग, दर आठ दिवसांनी. कॉलेजच्या बसमध्ये मागच्या सीटवरची पोरं जे बोलायची ते इथं लिहीत नाही. ज्या मुलींना हे आलंय त्यांना ते सांगावं लागत नाही. पाळीही दोन-दोन महिने यायची नाही. आई म्हणायची, "दगदगीनं होत असल माय." पाळी आणि केस यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं आमच्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्याबद्दल मला आजही हळहळ वाटते, कारण खरं तर सुरुवात तिथून व्हायला हवी होती.

२०२३ च्या जानेवारीत जवळच्या शहरात एक लेझर सेंटर उघडलं. नाव लिहीत नाही. सहा सिटिंगचे बारा हजार. बाबांचा कापूस विकला गेला होता, त्यातले थोडे त्यांनी दिले, बाकी माझ्या केंद्राच्या कमाईतले. मला पाहायला पाहुणे येणार होते आणि त्याआधी तोंड साफ व्हावं असं सगळ्यांनाच वाटत होतं. मलाही. ते लपवायचं कारण नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी नाव, वय, मोबाईल नंबर विचारला आणि इंग्रजीतल्या एका कागदावर सही घेतली. एवढंच. पाळी नियमित आहे का, कुठल्या गोळ्या चालू आहेत का, घरात कुणाला कोड आहे का, उन्हात किती राहता, थ्रेडिंग शेवटचं कधी केलं, यातला एकही प्रश्न नाही. थ्रेडिंग मी आठच दिवसांपूर्वी केलं होतं. लेझरच्या आधी चार ते सहा आठवडे केस मुळापासून उपटायचे नसतात, फक्त वरून कापायचे असतात. कारण केसाचं मूळ जागेवर असेल तरच त्या उजेडाला धरायला काही मिळतं. मूळच नसेल तर केसाचं काही होत नाही, ताप मात्र कातडीला लागतो. हे मला पुढे सहा महिन्यांनी कळलं.

फेब्रुवारीचं आणि मार्चचं सिटिंग बरं गेलं. गार जेल, डोळ्यांवर काळा चष्मा, रबर मारल्यासारखे चटके, थोडी लाली. मशीनच्या पडद्यावर उजेडाची शक्ती दाखवणारा आकडा १२ होता. केस थोडे उशिरा आले, मी खूश होते.

एप्रिलमध्ये आमच्या वावरात धसकटं वेचायला मजूर मिळेना. दहा दिवस मी बाबांसोबत सकाळी सहाला जायची आणि अकराला परत यायची. इकडचं एप्रिलचं ऊन मी सांगायची गरज नाही. दुपट्टा बांधलेला असायचा, पण वाकून काम करताना तो घसरतोच, आणि घामानं ओला झाला की आपणच तो खाली ओढतो. तोंडाचा खालचा भाग चांगला रापला. त्याच आठवड्यात माझं तिसरं सिटिंग होतं. तिथल्या मुलीनं तोंडाकडे पाहिलंही नाही. म्हणाली, "ताई, केस लय चिवट आहेत, आज थोडं वाढवते." पडद्यावर १८ चा आकडा आला.

पहिलाच ठोका बसला तेव्हा मला गरम सराटा, म्हणजे उलथणं, टेकवल्यासारखं झालं. मी हात वर केला. "थोडं तर लागणारच ना ताई," असं म्हणून तिनं पुढचा दिला. केस जळल्याचा वास येतच असतो, पण त्या दिवशी त्यात दुसरा एक वास होता. हनुवटीवर चार आणि डाव्या जबड्यावर तीन झाले तेव्हा मी उठून बसले आणि "बस करा" म्हटलं. तिनं बर्फ दिला. मी दुपट्ट्यात बर्फ गुंडाळून, तो हनुवटीला धरून बसनं घरी आले. गावात उतरेपर्यंत त्याचं पाणी होऊन गळ्यात उतरलं होतं.

सकाळी आरशात पाहिलं. सात खुणा. हनुवटीवरच्या चार पूर्ण चौकोन, अंगठ्याच्या नखापेक्षा थोड्या लहान, मशीनच्या तोंडाची काच जेवढी होती तेवढ्या. जबड्यावरच्या तीन मात्र अर्ध्याच, कोयरीसारख्या, खालची कड गडद. त्या आकाराचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. तिसऱ्या दिवशी खपल्या धरल्या, तपकिरी, कॉफीच्या डागासारख्या. मी एकही उकरली नाही. चेहरा धुतानाही मी त्यांच्या कडेकडेनं पाणी लावायची.

सेंटरला फोन केला तर "नॉर्मल आहे, कोरफड लावा." खपल्या पडून फिकट चौकोन दिसायला लागले आणि त्यांच्या भोवती काळपट कड उमटली, तेव्हा मी स्वतः गेले. तिथल्या मॅडमनं एक ट्यूब लिहून दिली. समोरच्या मेडिकल स्टोअरमध्ये ती चिठ्ठीशिवायही मिळत होती, माझ्या समोर एका मुलानं मागून घेतली. पाच दिवस लावल्यावर तोंड लाल व्हायला लागलं, तेव्हा खोक्यावरची बारीक अक्षरं मी केंद्रात बसून एकेक करून शोधली. स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. हायड्रोक्विनोन म्हणजे रंग तयार होणं थांबवणारं औषध. जिथं रंग गेला होता तिथंच मी रंग घालवणारं मलम चोळत होते. आणि स्टेरॉइड चेहऱ्यावर बरेच दिवस लावलं तर कातडी पातळ होते आणि त्या जागी केससुद्धा वाढतात. केसांसाठी गेलेल्या मुलीच्या हातात केस वाढवणारी ट्यूब दिली होती. मला तेव्हा पहिल्यांदा राग आला. त्याआधी नुसती भीती होती.

गावानं नाव ठेवायला वेळ लावला नाही. पाणी भरायला आलेल्या बाईनं आईला विचारलं, "पोरीले कोड फुटलं का वं?" माझी मोठीमाय घरी आली, माझी हनुवटी धरून उजेडाकडे केली आणि काहीच बोलली नाही. ते तिचं न बोलणं मला जास्त लागलं. पांढरा डाग म्हणजे कोड, आणि कोड म्हणजे लग्न गेलं, एवढा सरळ हिशेब आहे इकडे. कोड संसर्गानं होत नाही, कुणाला हात लावून होत नाही, हे शाळेच्या पुस्तकात होतं, पण लग्न जुळवायला पुस्तक घेऊन कुणी बसत नाही.

तिसऱ्या दिवशी आशाताई, म्हणजे गावच्या आशा स्वयंसेविका, आल्या. त्यांना दुसरीच शंका होती. आमच्या भागात दरवर्षी कुष्ठरुग्ण शोधायची मोहीम होते, आशाताई बायकांची आणि सोबतचा पुरुष कार्यकर्ता पुरुषांची अंगावरचे फिकट चट्टे पाहून तपासणी करतात. वर्धा जिल्ह्याला हा आजार जुना ओळखीचा आहे. दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली महारोग्यांची सेवा सुरू केली, सेवाग्रामला परचुरे शास्त्रींच्या जखमा गांधीजी स्वतः धुवायचे, पलीकडे वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांचं आनंदवन. लहानपणी आम्ही सहलीला गेलो की या गोष्टी ऐकूनच परतायचो. तरीही स्वतःच्या तोंडावर चट्टा असताना कुणी कापूस घेऊन समोर बसलं की छातीत कसं होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

"डोये मीट," आशाताई म्हणाल्या. "जिथं लागल तिथं बोट ठेव."

त्यांनी कापसाची वात करून तिचं टोक टेकवलं. मी बोट ठेवलं. दुसऱ्या ठिकाणी टेकवलं. ठेवलं. सातही जागी, मध्ये फसवायला गालावर आणि कपाळावर. सगळीकडे मला कापूस कळला. त्या म्हणाल्या, "बधिर नाही. ते नाही हे. पण तू नागपूरले जाऊन ये, मोठ्या डॉक्टरले दाखव. आणि ते मलम फेक आधी." कुष्ठरोगाच्या चट्ट्यात सहसा संवेदना गेलेली असते, आणि तो असता तरी त्याच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, हेही त्यांनी आईला समोर बसवून सांगितलं. एवढ्या दिवसांत माझ्या तोंडाला नीट हात लावून पाहणारी ही पहिली बाई.

जूनमध्ये जाम चौरस्त्यावरून नागपूरची एसटी धरली. त्याच वर्षीच्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, म्हणून आईपण आली. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, ओपीडीत नंबर लागायला तीन तास गेले. आत एक तरुण डॉक्टरीण होत्या. त्यांनी मला एका छोट्या खोलीत नेलं, दिवा बंद केला, दार लावलं आणि जांभळट उजेडाचा एक दिवा माझ्या हनुवटीजवळ धरला. त्याला वूड्स लॅम्प म्हणतात, त्यातून ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश निघतो. कोड असेल तर त्या उजेडात डाग खडूसारखा पांढरा, निळसर चमकतो, कारण तिथं रंग अजिबात उरलेला नसतो. नुसता कमी झालेला असेल तर डाग मळकट राहतो, चमकत नाही. त्यांनी आईलाही आत बोलावलं आणि म्हणाल्या, "हे पाहा मावशी, चमकत नाही. हे कोड नाही, हे भाजलेलं आहे."

आई त्या अंधारात रडली. दिवा लागेपर्यंत तिनं डोळे पुसले होते.

नंतर त्यांनी केसपेपरच्या मागे पेनानं एक चित्र काढलं. तो कागद माझ्याकडे अजून आहे. वर कातडीचा पातळ थर, त्याच्या तळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी, आणि खाली तिरपा गेलेला केस. एकेक रंगपेशी आपल्या आजूबाजूच्या साधारण ३६ पेशींना रंग पुरवते. गोऱ्या आणि काळ्या माणसात या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते, फरक असतो तो रंग किती बनतो यात. लेझरचा उजेड रंगाला शोधत जातो. काळा केस तो उजेड पितो, तापतो, आणि त्या तापानं केसाचं मूळ मरतं. १९८३ साली अँडरसन आणि पॅरिश या दोन अमेरिकी डॉक्टरांनी हे तत्त्व मांडलं आणि केस काढायची सगळी मशीनं त्यावरच उभी आहेत. पण कातडीतही तोच रंग आहे. वैशाखात डांबरी रस्ता तापतो आणि बाजूची पांढरी माती तेवढी तापत नाही. गोऱ्या कातडीवर काळा केस म्हणजे मातीतून गेलेली डांबराची रेघ, उजेड बरोबर तिच्यावर जातो. माझ्या रापलेल्या तोंडावर रेघ आणि भोवतालची जागा दोन्ही डांबर. मशीनला दोन्ही काळ्यांतला फरक कळत नाही. तो मशीन चालवणाऱ्याला कळावा लागतो.

आणि तो कळायला साधनं आहेत, हे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. सावळ्या माणसाला लेझर करताच येत नाही असं नाही. वेगवेगळ्या मशीनच्या उजेडाच्या लहरींची लांबी वेगळी असते, ती नॅनोमीटरमध्ये मोजतात. अलेक्झांड्राइट ७५५ नॅनोमीटर, डायोड ८०० ते ८१०, एनडी याग १०६४. लांबी जितकी जास्त तितका तो उजेड खोल जातो आणि वरच्या रंगात कमी अडकतो, म्हणून गडद कातडीला लांब पल्ल्याचं एनडी याग त्यातल्या त्यात सुरक्षित. दुसरं म्हणजे ठोका किती वेळ टिकतो. पातळ ताटली पटकन निवते, जाड तवा गॅस बंद केला तरी तापलेला राहतो. कातडीचा वरचा थर ताटलीसारखा, केसाचं मूळ तव्यासारखं. तेवढीच शक्ती जरा लांबवून दिली तर कातडीला मधल्यामध्ये निवायला वेळ मिळतो. माझ्या वेळी आकडा वाढवला, हा वेळ कुणी पाहिला का मला ठाऊक नाही. आणि पार्लरमध्ये "लेझर" म्हणून जे चालतं ते पुष्कळदा लेझर नसतंच, आयपीएल नावाचा मिश्र उजेडाचा दिवा असतो, तो गडद कातडीला जास्त धोक्याचा.

जबड्यावरच्या अर्ध्या खुणांचं कोडंही तिथंच सुटलं. मशीनच्या तोंडाची काच गार असते, ती कातडीला पूर्ण टेकली तर कातडी थंड राहते. जबड्याची कड गोल. काच तिथं तिरपी बसली, जो भाग टेकला तो वाचला, जिथं फट राहिली तिथं भाजलं. त्यांनी माझ्या जबड्यावर आपल्या पेनाचं टोपण आडवं ठेवून दाखवलं आणि बाजूला राहिलेली फट बोटानं दाखवली. खरोखर खुणेची गडद कड बरोबर त्या फटीवर होती.

त्यांनी विचारलं, "तुमच्या त्वचेचा प्रकार त्यांनी पाहिला होता का?" मला प्रश्नच कळला नाही. थॉमस फिट्झपॅट्रिक नावाच्या अमेरिकी त्वचातज्ज्ञांनी १९७५ साली, ऊन लागल्यावर कातडी भाजते की रापते यावरून तिचे प्रकार पाडले. आपल्याकडची बहुतेक माणसं चौथ्या-पाचव्या प्रकारात बसतात. मी पाचव्यात. गंमत नाही, पण घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की मूळ यादीत चारच प्रकार होते, पाचवा आणि सहावा मागाहून जोडले. म्हणजे माझ्यासारखी कातडी त्या यादीतही उशिरानंच आली.

उपचार साधे होते आणि कंटाळवाणे होते. ती ट्यूब बंद. लेझर बंद. सनस्क्रीन सकाळी आणि मग दर तीन तासांनी, वावरात जाताना दुपट्टा वेगळा. डागांवर रात्री टॅक्रोलिमसचं मलम. हे मलम मी माझ्या चिठ्ठीवर लावलं, वाचून कुणी आपल्या मनानं आणू नये. सोबत पोटाची सोनोग्राफी, थायरॉइड आणि हार्मोनच्या रक्ततपासण्या. पीसीओएस निघालं, म्हणजे अंडाशयाशी जोडलेला हार्मोनचा बिघाड. दहा वर्षं जे केस मी चिमट्यानं काढत होते त्यांचं कारण अंडाशयाकडे होतं. तिथं काही न करता हनुवटीवर कितीही लेझर मारलं तरी केस पुन्हा येत राहिले असते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे आधी व्हायला पाहिजे होतं." तेवढंच म्हणाल्या, दोष दिला नाही.

मी विचारलं, रंग परत येईल का. त्या म्हणाल्या, बहुतेक ठिकाणी येतो, महिने लागतात, कधी वर्षही, आणि एखाद्या जागी पूर्ण येत नाही. कुठून येतो ते ऐकून मात्र मी गप्प झाले. वरच्या थरातल्या रंगपेशी मेल्या असतील तर नवा रंग दोनच वाटांनी येतो. एक म्हणजे डागाच्या कडेकडून आत. दुसरी वाट केसाच्या मुळातून. मुळाच्या खोबणीत राखीव रंगपेशी असतात, त्या तिथून वर चढतात आणि केसाभोवती आधी एक तपकिरी ठिपका उमटतो. म्हणजे ज्या केसांचं मूळ मारायला मी बारा हजार भरले होते, त्या मुळांतूनच माझा रंग परत येणार होता. जिथं केस पूर्ण मेलाय तिथं ठिपका येणार नाही, कड सरकत येईल तेवढीच. परतीच्या एसटीत मी हनुवटीवरून बोट फिरवत होते. ते खरखरीत केस त्या दिवशी पहिल्यांदा मला नकोसे वाटले नाहीत.

सेंटरला मी लेखी अर्ज दिला, फोटो आणि केसपेपरची प्रत जोडून. आधी सहीचा कागद दाखवला. मी रोज लोकांना सही करायच्या आधी कागद वाचून दाखवते, आणि स्वतः वाचला नव्हता, ही माझी चूक मी धरते. पण कागदावर सही आहे म्हणून उन्हात रापलेल्या तोंडावर आकडा वाढवायची परवानगी मिळत नाही. ग्राहक आयोगाचं नाव काढल्यावर उरलेल्या तीन सिटिंगचे सहा हजार मिळाले. बाकी सोडले. माझ्यात तेवढं बळ नव्हतं.

पाहुणे जुलैत आले, यवतमाळकडचे. आई म्हणाली, "पावडर लाव." मी नाही लावली. चहा दिला आणि मुलाच्या आईनं विचारायच्या आत सांगितलं की हे डाग लेझरनं भाजल्याचे आहेत. त्या "हो का" म्हणाल्या. त्यांचा फोन आला नाही.

पहिला ठिपका सप्टेंबरात दिसला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. हनुवटीवरच्या उजव्या चौकोनात, मधोमध, मोहरीएवढा. मला वाटलं काही लागलंय. पुसला, गेला नाही. बाबांचा वाचायचा चष्मा आरशासमोर उलटा धरून पाहिलं तर ठिपक्याच्या बरोबर मध्यातून एक काळा केस निघालेला. मी आईला हाक मारली. आईनं पाहिलं, हात पदराला पुसून पुन्हा पाहिलं, आणि म्हणाली, "तीळ तर नाही?" मी तिला केसपेपरच्या मागचं चित्र काढून दाखवलं.

तेव्हापासून ते ठिपके आईच मोजते. दर पंधरा दिवसांनी, खिडकीत, बाबांचा चष्मा घेऊन. दिवाळीपर्यंत हनुवटीच्या तीन चौकोनांत ठिपके ठिपक्यांना मिळायला लागले होते. संक्रांतीला आशाताई आल्या तेव्हा त्यांना ते तीन कुठे होते ते दाखवावे लागले. चौथा अर्धा भरलाय. जबड्याच्या कडेला, जिथं फट राहिली होती, तिथं तीन बारीक पांढरट कोयऱ्या आहेत आणि त्यांत एकही केस नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाट पाहू, नाहीच आला तर ३११ नॅनोमीटरच्या उजेडाचा उपचार आहे, नॅरोबँड यूव्हीबी, पण त्याला आठवड्यातून दोन-तीनदा यावं लागतं. गावातून नागपूर आठवड्यातून तीनदा मला जमणार नाही हे त्यांनाही दिसत होतं. मी म्हटलं, थांबू.

केंद्रात आता मुली फॉर्मच्या निमित्तानं येतात आणि गर्दी ओसरेपर्यंत बसून राहतात. मला कळतं कशासाठी ते. मी त्यांना आधी पाळीचं विचारते. मग सांगते, लेझर करायचंच असेल तर त्वचेच्या डॉक्टरांकडे करा, हिवाळ्यात करा, उन्हाची कामं संपल्यावर. मशीन कोणतं, उजेड किती नॅनोमीटरचा, ते विचारा. आधी कानामागे किंवा जबड्याखाली एका छोट्या जागी करून पाहायला लावा आणि एक-दोन दिवस नाही, काही आठवडे वाट पाहा, कारण आपल्या रंगात खूण उशिरा दिसते. घरात कुणाला कोड असेल तर लपवू नका. तसं असेल तर भाजल्या जागीच कोड सुरू होऊ शकतं. आणि चटका सराट्यासारखा लागला तर उठून बसा, पैसे भरलेत म्हणून पडून राहू नका. वस्तरा मारल्यानं केस जाड होत नाहीत हेही सांगते. त्यावर कुणाचाच विश्वास बसत नाही, तरी सांगते.

मी स्वतः सध्या थ्रेडिंगच करते. फक्त त्या चौथ्या चौकोनातले केस पार्लरवालीला काढू देत नाही. तिला नवल वाटतं. काल आईनं तिथले ठिपके मोजले, अकरा झालेत.